लोकलला चादर दिसते, लाईव्हला तुटका फोटो: परत परत येणारी भानगड

"ओ इंजिनिअर, साईटवर चादरीच दिसंनात की ओ."

हा फोन मला दीड वर्षात सहा-सात वेळा आलाय, एकाच शेठचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे माग आहेत, चादर-टॉवेलचं होलसेल, त्यांची कॅटलॉग साईट मी रिॲक्ट आणि वीट या जावास्क्रिप्टच्या टूलमध्ये करून दिलीय (उच्चार वीट असाच आहे आणि कधीकधी खरंच वीट येतो). साधी क्लायंट-साईड ॲप (सगळं ब्राउझरमध्येच चालतं), मागे डेटाबेस वगैरे काही नाही, एक जेसन फाईल (चादरींची यादी) आणि फोटोंचा ढीग. फोन आला की मी माझ्या लॅपटॉपवर उघडून बघायचो, सगळं झकास दिसायचं, मग मी म्हणायचो "माझ्याकडे तर दिसतंय शेठ", आणि शेठ म्हणायचे "तुमच्याकडं दिसून काय करायचंय, गिऱ्हाईक तुमच्या घरी येतंय व्हय?"

आता मजा अशी की दर वेळी स्क्रीनवर दिसणारी गोष्ट एकच, तो तुटक्या चित्राचा बारका आयकॉन, आणि कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. म्हणून मागच्या वेळी जे करून सुटलं होतं तेच परत केलं की सुटत नाही, उलट आधी चालू असलेलं पण बिघडतं. पहिल्या वेळी मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच, पाथमध्ये (फोटोच्या पत्त्यात) आधी एक डॉट टाकला, डिप्लॉय (म्हणजे साईट सर्व्हरवर चढवली), नाही चाललं, मग दोन डॉट, डिप्लॉय, मग पुढचा स्लॅश काढला, डिप्लॉय, असं करत रात्रीचे दोन वाजले. माझ्याकडे येणारी ज्युनिअर पोरं पण हेच करतात, "अण्णा इमेज येईना झाल्यात, डॉट लावून पण बघितलं". अरे डॉट म्हणजे काय अंगारा आहे का.

तर पाथला हात लावायच्या आधी एवढंच बघा, ब्राउझरने नेमकं काय मागितलं आणि त्याला नेमकं काय मिळालं. कोडमध्ये तुम्ही काय लिहिलंय ते नाही, ब्राउझरने मागितलेलं. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब, वर "डिसेबल कॅश" (ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत वापरू नको) ला टिक, इमेज फिल्टर लावा, पेज रीलोड करा आणि न आलेल्या फोटोच्या ओळीवर क्लिक करा. तिथे पूर्ण रिक्वेस्ट यूआरएल, स्टेटस (२०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही), कंटेंट-टाईप (आलेली फाईल कुठल्या प्रकारची) आणि साईज, या चार गोष्टी वाचा. नुसता स्टेटस बघून पळू नका, दोनशे आला म्हणजे फोटो आला असं अजिबात नसतं, ते खाली येईलच.

(पाथ, कमांड सगळं इथे देवनागरीत लिहितोय, मोबाईलवर दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो. तुम्ही कोडमध्ये अर्थातच इंग्रजीत टाईप करा.)

४०४ येतंय, पण यूआरएल तर बरोबर दिसतोय

शेठकडचे पहिले फोटो एका फोटोग्राफरने डीएसएलआरवर काढून पेनड्राईव्हमध्ये दिले होते. कॅमेऱ्यातून फाईल येते ती कॅपिटल एक्स्टेंशन घेऊन, जेपीजी मोठ्या अक्षरात. मी जेसनमध्ये सवयीने छोट्या अक्षरात लिहिलं. विंडोजला काही फरक पडत नाही, त्याच्या लेखी मोठं-छोटं अक्षर एकच, मॅकची पण नेहमीची सेटिंग तशीच असते. पण सर्व्हर लिनक्सवर, तिथे मोठा जे आणि छोटा जे म्हणजे दोन वेगळी माणसं. त्यात विंडोज एक्स्टेंशन लपवून ठेवतं, त्यामुळे फोल्डरमध्ये नुसतं नाव दिसतं आणि शेपूट कॅपिटल आहे हे कळतच नाही. याच लपवण्यामुळे एकदा "मयूर-१.जेपीजी.जेपीजी" अशी डबल शेपटीची फाईल पण झाली होती, कारण रीनेम करताना कारखान्यातल्या पोराने जेपीजी हाताने परत टाईप केलं. विंडोजवर फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन "फाईल नेम एक्स्टेंशन्स" आत्ताच्या आत्ता चालू करून ठेवा.

मग मी शहाणपणा करून फाईलींची नावं छोट्या अक्षरात केली, कमिट, पुश, आणि लाईव्हवर तरी तेच! इथे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) फसवतं. विंडोज आणि मॅकवर गिटची "इग्नोअर केस" सेटिंग चालू असते, नुसतं अक्षर मोठ्याचं छोटं केलं तर त्याला बदल झालाय हेच दिसत नाही, रिपॉझिटरीत जुनंच कॅपिटल नाव राहतं. उपाय म्हणजे "गिट एमव्ही" वापरायचं आणि दोन टप्प्यात, आधी काहीतरी तात्पुरतं नाव, मग हवं ते नाव. फोल्डरचं नाव बदलताना तर हे दोन टप्पे कराच. नंतर गिटहबवर जाऊन डोळ्याने बघा नाव खरंच बदललंय का, लॅपटॉपवरचं फोल्डर पुरावा म्हणून चालत नाही.

डेव्ह सर्व्हरवर चालतं, बिल्ड केलं की गायब

ज्युनिअर पोरांकडून सगळ्यात जास्त येणारी केस ही. कोडमध्ये लिहिलेलं असतं "/एसआरसी/ॲसेट्स/चादर.जेपीजी". "एनपीएम रन डेव्ह" (लॅपटॉपवर साईट चालवून बघायची कमांड) करताना ते चालतं, कारण वीटचा डेव्ह सर्व्हर तुमचं सोर्स फोल्डर जसंच्या तसं वाढून देतो. बिल्ड (लाईव्हला पाठवायच्या फाईली तयार करणं) झाल्यावर एसआरसी नावाचं फोल्डर तिथे शिल्लकच नसतं, जे काही आहे ते डिस्ट नावाच्या फोल्डरमध्ये, आणि डिस्टमध्ये फक्त त्याच फाईली येतात ज्या तुम्ही इम्पोर्ट केल्या किंवा पब्लिक फोल्डरमध्ये ठेवल्या.

हे एकदा नीट डोक्यात बसलं की अर्धी डोकेदुखी जाते. एसआरसीच्या आतला फोटो बंडलरच्या (बिल्ड करणाऱ्या टूलच्या, आपल्याकडे वीटच्या) हवाली असतो, त्याला इम्पोर्ट करायचं, मग बंडलर त्याचं नाव बदलतो, मागे एक हॅश (फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला अक्षर-आकड्यांचा तुकडा) चिकटवतो आणि नवीन यूआरएल तुमच्या हातात देतो, तो यूआरएल सोर्समध्ये टाकायचा. पब्लिकमधला फोटो बंडलर उघडून पण बघत नाही, उचलून डिस्टच्या मुळात ठेवतो, नाव तेच. त्याला बोलावताना पाथमध्ये "पब्लिक" हा शब्द येतच नाही, पब्लिकमध्ये "इमेजेस/चादर.जेपीजी" असेल तर यूआरएल नुसता "/इमेजेस/चादर.जेपीजी". या दोन्हीची खिचडी केली की झालं.

नाव व्हेरिएबलमधून जोडत असाल, म्हणजे "./ॲसेट्स/" अधिक आयटमचं फोटोनाव अशी स्ट्रिंग, तर बंडलरला बिल्डच्या वेळी कळायला मार्गच नाही की कुठली फाईल लागणार आहे, तो बिचारा कोड चालवत नाही, वाचतो फक्त. वीटमध्ये यासाठी "न्यू यूआरएल" मध्ये पाथ आणि "इम्पोर्ट डॉट मेटा डॉट यूआरएल" देता येतं, किंवा "इम्पोर्ट डॉट मेटा डॉट ग्लॉब" ने अख्खं फोल्डर एका ऑब्जेक्टमध्ये घेता येतं, वेबपॅकमध्ये "रिक्वायर डॉट कॉन्टेक्स्ट" आहे. पण माझं स्पष्ट मत सांगू का, कॅटलॉगचे फोटो, जे उद्या बदलणार, वाढणार, ज्यांची नावं जेसनमधून येणार, ते पब्लिकमध्येच ठेवा. लोगो, आयकॉन, बॅनर असलं डिझाईनचं सामान एसआरसीमध्ये. मी सुरुवातीला तीनशे चादरींचे फोटो ग्लॉब करून बसलो होतो, चाललं, पण एक फोटो वाढवायला अख्खी बिल्ड, शेठ रोज दोन डिझाईन पाठवणार, कोण करणार ते.

होमवर दिसतं, आतल्या पेजवर नाही

ही केस ओळखायला सोपी आणि समजायला जरा अवघड. साईट उघडली, लोगो दिसला. चादरीच्या यादीवर गेलो, लोगो आहे. एका चादरीवर क्लिक केलं, "/चादरी/१२", लोगो अजून आहे, पण खालचे फोटो गेले. आता तिथेच रिफ्रेश मारलं आणि लोगो पण गेला! मला वाटलं ब्राउझरला भूतबाधा झालीय.

कारण रिलेटिव्ह पाथ. "इमेजेस/लोगो.पीएनजी" असं पुढे स्लॅश न लावता लिहिलं की ब्राउझर तो पत्ता आत्ता ज्या पेजवर आहे तिथून मोजतो. "/चादरी" वर असताना तो "/इमेजेस/लोगो.पीएनजी" होतो, "/चादरी/१२" वर असताना "/चादरी/इमेजेस/लोगो.पीएनजी". म्हणजे सात रस्त्यावर उभं राहून "दुसरा डावा वळ" म्हणलं तर एक घर येतं, पार्क चौकात उभं राहून तेच म्हणलं तर भलतंच. राउटर (कुठल्या पत्त्याला काय दाखवायचं ते ठरवणारा ॲपमधला भाग) पेज खरं बदलत नाही, वरचा पत्ता फक्त बदलतो, त्यामुळे आधीच लोड झालेला लोगो तसाच राहतो आणि नवीन फोटो नवीन पत्त्यावरून मागितले जातात, म्हणून ते आधी मरतात. लोगोची पाळी रिफ्रेशला येते. नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट यूआरएल वाचला तर मधे घुसलेलं "चादरी" लगेच दिसतं, मी वाचलाच नव्हता, मी डॉट लावत बसलो होतो.

स्लॅशपासून सुरू करा, सुटतं. पण मग पुढची केस येते.

साईट डोमेनच्या मुळात नसेल, म्हणजे गिटहब पेजेसवर "/रेपोचं-नाव/" च्या खाली असेल, किंवा कुणीतरी होस्टिंगवर "/कॅटलॉग/" फोल्डरमध्ये टाकली असेल, तर स्लॅश म्हणजे डोमेनचं मूळ, तुमच्या ॲपचं नाही. वीटच्या कॉन्फिगमध्ये "बेस" म्हणून एक सेटिंग आहे ती "/कॅटलॉग/" करायची, पुढचा आणि मागचा दोन्ही स्लॅश सकट. त्याने इम्पोर्ट केलेले फोटो, सीएसएसमधले यूआरएल, इंडेक्स एचटीएमएलमधले सगळे आपोआप दुरुस्त होतात, पण रिॲक्टच्या जेएसएक्समध्ये तुम्ही हाताने स्ट्रिंग म्हणून लिहिलेला "/इमेजेस/..." दुरुस्त होत नाही, ती साधी स्ट्रिंग आहे, तिला कोण विचारतं. तिथे पुढे "इम्पोर्ट डॉट मेटा डॉट ईएनव्ही डॉट बेस यूआरएल" जोडावं लागतं. जुन्या क्रिएट रिॲक्ट ॲपवाल्यांना तिथे "पब्लिक यूआरएल" व्हेरिएबल आणि पॅकेज जेसनमधलं "होमपेज" (ते टूल २०२५ च्या फेब्रुवारीत रिॲक्टवाल्यांनी अधिकृतपणे बंदच्या यादीत टाकलंय, पण सोलापुरात अजून निम्म्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये तेच असतं). अँग्युलरमध्ये "बेस एचरेफ". काही जण बेसला नुसतं "./" टाकून मोकळे होतात, एकाच पानाची साईट असेल तर ठीक आहे, राउटर असेल तर आतल्या पेजवर रिफ्रेश केल्यावर फोटो सोडा, अख्खी जावास्क्रिप्टच मिळत नाही आणि पांढरं पान येतं.

स्टेटस २००, फोटो मात्र तुटका

या केसने मला दोन दिवस खाल्ले. सगळं हिरवं, एकही ४०४ नाही, आणि चादरी गायब. मी होस्टिंगवाल्याशी भांडलो पण, बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

नंतर साईज कॉलमवर नजर गेली. तुटलेल्या सगळ्या फोटोंची साईज एकसारखी, बाईट टू बाईट. चाळीस वेगळ्या चादरींचे फोटो एकाच साईजचे कसे असतील? एकावर क्लिक करून रिस्पॉन्स बघितला तर आत एचटीएमएल! माझीच इंडेक्स फाईल. कंटेंट-टाईप "टेक्स्ट एचटीएमएल".

झालं असं की सिंगल पेज ॲप (एकच एचटीएमएल पान, बाकी सगळं जावास्क्रिप्ट दाखवते) चालायला सर्व्हरला सांगावं लागतं की कुठलाही पत्ता आला आणि फाईल सापडली नाही तर इंडेक्स एचटीएमएल दे, बाकी राउटर बघून घेईल. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ती "ट्राय फाईल्स" ची ओळ, नेटलिफाय या होस्टिंगवर "/* ला इंडेक्स, २००" वाला रीडायरेक्ट. पण "कुठलाही पत्ता" म्हणजे कुठलाही, त्यात न सापडलेला फोटो पण आला. फोटो मागितला, फाईल नाही, घे इंडेक्स एचटीएमएल, वर २०० चा शिक्का. ब्राउझर चित्र म्हणून उघडायला जातो, आत मजकूर, तुटका आयकॉन. म्हणजे मूळ भानगड आधीचीच, पाथ चुकलेला किंवा नाव चुकलेलं, फक्त तिच्यावर पांघरूण घातलेलं, सोलापुरी चादरच म्हणा.

जावास्क्रिप्ट फाईलच्या बाबतीत हेच झालं तर कन्सोलमध्ये लाल एरर येते की मॉड्यूल स्क्रिप्ट अपेक्षित होती पण माईम टाईप (कंटेंट-टाईपचंच दुसरं नाव) टेक्स्ट एचटीएमएल मिळाला. ती एरर दिसली की पोरं माईम टाईपच्या मागे लागतात, सर्व्हरवर टाईप ॲड करायला जातात. नका करू. फाईल तिथे नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

पक्का इलाज म्हणजे एनजिनएक्समध्ये "/ॲसेट्स/" आणि "/इमेजेस/" साठी वेगळा लोकेशन ब्लॉक टाकायचा आणि त्याच्या ट्राय फाईल्समध्ये शेवटी इंडेक्स एचटीएमएलऐवजी "=४०४". मग हरवलेला फोटो निदान हरवलेला आहे असं खरं सांगतो.

दोनशेचा अजून एक प्रकार. कंटेंट-टाईप इमेज, साईज चांगली तीन एमबी, तरी तुटका. शेठच्या धाकट्या मुलाने आयफोनवर फोटो काढून पाठवले होते, आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो हीक नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवतो, अपलोडला तो चालेना म्हणून त्याने हुशारी केली, नुसतं शेपूट बदलून जेपीजी केलं. नाव बदलून फॉरमॅट बदलत नाही रे बाबा, टॉवेलवर चादरीचं लेबल लावलं तर ती चादर होते का. क्रोमला हीक उघडता येत नाही. सफारी १७ पासून हीक दाखवतं, म्हणून हीकचे फोटो टाकणाऱ्याला त्याच्या आयफोनवर दिसतात आणि बाकी जगाला नाही असा पण प्रकार होऊ शकतो. तपासायला फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा, खरी जेपीजी "एफएफ डी८ एफएफ" ने सुरू होते. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कम्पॅटिबल" करून दिलं की तो सरळ जेपीजी काढतो, मी तेच करून दिलं.

नावांचा घोळ, आणि आमचा मराठीचा खास घोळ

धंद्यात डिझाईनला नंबर असतो, तर फाईलचं नाव "मयूर #१२.जेपीजी" असं आलं. यूआरएलमध्ये हॅशच्या चिन्हापुढचं सगळं ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, सर्व्हरला फक्त "मयूर" आणि एक स्पेस मिळते. "५०% कॉटन.जेपीजी" मध्ये टक्क्याचं चिन्ह, ते यूआरएलमध्ये एन्कोडिंगसाठी राखीव, काही सर्व्हर थेट ४०० देतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात स्पेसच स्पेस, साध्या इमेज टॅगमध्ये ब्राउझर सांभाळून घेतो, पण "सोर्ससेट" मध्ये स्पेस म्हणजे नाव संपलं असा अर्थ होतो, आणि सीएसएसच्या यूआरएलमध्ये अवतरण चिन्ह नसेल तर स्पेसने पण मोडतं आणि "(१)" मधल्या कंसाने पण. डाउनलोड दोनदा झालं की ब्राउझर हा "(१)" लावतोच. "एन्कोड यूआरआय कॉम्पोनंट" फक्त फाईलच्या नावाला लावा, अख्ख्या पाथला लावलं तर स्लॅश पण एन्कोड होऊन बसतात.

आता खास केस. एकदा फाईलचं नाव खरोखरच मराठीत होतं, मुनीमजींनी स्वतः ठेवलेलं, "हिरव्या-किनाऱ्याची.जेपीजी". जेसनमध्ये मी पण तेच टाईप केलं. आणि हे तर लोकललाच दिसेना. नाव शेजारी-शेजारी ठेवून बघितलं, काना-मात्रा सगळं तेच. कॉपी-पेस्ट केलं की चालतं, हाताने टाईप केलं की नाही!

गुन्हेगार निघाला तो "ऱ्या". आपला हा आडवा र दोन पद्धतीने टाईप होतो. एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्याच्यामागे एक न दिसणारं अक्षर, झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आत बाईट्स वेगळे. मुनीमजींच्या फोनच्या कीबोर्डने एक लिहिलं, माझ्या लॅपटॉपने दुसरं. नेटवर्क टॅबमधून यूआरएल कॉपी केला आणि एन्कोड केलेल्या रूपात बघितला तेव्हा सापडलं, एकात "ई० ए४ बी१" होतं, दुसऱ्यात "ई० ए४ बी०" आणि पुढे "ई२ ८० ८डी", हा शेवटचा म्हणजे तो लपलेला जॉइनर. इंग्रजीत काम करणाऱ्या कुणालाही ही भानगड आयुष्यात कळणार नाही, आणि आपल्याकडे किनाऱ्याची, दुसऱ्या, भाकऱ्या, पायऱ्या, शब्दागणिक हा र. त्यामुळे फाईलला इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि डॅश, बस. मराठी नाव जेसनमध्ये वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, ते हेडिंगला आणि फोटोच्या ऑल्ट टेक्स्टला वापरा, तिथे कुठलाही र चालतो.

नवीन फोटो टाकला, जुनाच दिसतोय

गड्ड्याच्या यात्रेच्या आधी शेठना दरपत्रकाचा बॅनर बदलून हवा होता. बदलला. माझ्याकडे नवीन, त्यांच्याकडे जुना, त्यांच्या मेहुण्याकडे तर बॅनरच नाही. तीन माणसं तीन साईट.

पब्लिकमधल्या फाईलचं नाव बदलत नाही, म्हणून ब्राउझर म्हणतो ही माझ्याकडे आहे आणि कॅशमधली दाखवतो. अशा फोटोचं नाव बदला किंवा मागे प्रश्नचिन्ह देऊन व्हर्जन नंबर लावा. मेहुण्याची केस उलटी, त्याच्या ब्राउझरने जुनं इंडेक्स एचटीएमएल धरून ठेवलेलं, त्यात जुन्या हॅशवाल्या फाईलींची नावं, आणि मी डिप्लॉय करताना जुन्या फाईली पुसून टाकलेल्या. म्हणून इंडेक्स एचटीएमएलला "कॅश-कंट्रोल: नो-कॅश" द्या, त्याने फाईल साठवली जाते पण दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरली जाते, आणि हॅशवाल्या ॲसेट्सना खुशाल वर्षभर, "मॅक्स-एज ३१५३६०००, इम्युटेबल". हे उलटं केलं की वाट लागते. जुन्या हॅशवाल्या फाईली पण आठवडाभर सर्व्हरवर राहू द्या, काय भाडं पडतं का त्यांना.

बाकी किरकोळ पटपट सांगतो. छोटे आयकॉन गेले आणि मोठे फोटो मात्र आहेत असं असेल तर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (ब्राउझरने कुठून काय घ्यायचं याचे साईटचे नियम) बघा, वीट चार केबीच्या आतले इम्पोर्ट केलेले फोटो बेस६४ करून कोडमध्येच चिकटवतं आणि पॉलिसीत "इमेज-सोर्स" ला "डेटा:" ची परवानगी नसेल तर ते अडतात. एका फोल्डरचे फोटो काही लोकांनाच दिसत नसतील आणि कन्सोलमध्ये "ब्लॉक्ड बाय क्लायंट" असेल तर फोल्डरचं नाव "ॲड्स" आहे का बघा, ॲडब्लॉकर खातो, मी आमच्याच ऑफरच्या बॅनरना हे नाव दिलं होतं. डिस्टमधली इंडेक्स फाईल डबल क्लिक करून उघडू नका, फाईल प्रोटोकॉलवर मॉड्यूल स्क्रिप्ट चालत नाही, "एनपीएम रन प्रिव्ह्यू" करा. एसव्हीजी येत नसेल तर तिथे मात्र माईम टाईप खरंच बघा, "इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल" नसेल तर इमेज टॅगमध्ये ती दिसत नाही.

शेवटी कंटाळून मी एक वीस ओळींची नोड स्क्रिप्ट लिहिली, बिल्डच्या आधी चालते, जेसनमधलं प्रत्येक फोटोनाव घेते आणि फोल्डरमध्ये आहे का बघते. लिहिताना एकच खड्डा, आधी मी "एक्झिस्ट्स सिंक" वापरलं आणि विंडोजवर ते मोठ्या-छोट्या अक्षराला बिनधास्त "आहे" म्हणायचं, म्हणजे ज्याला पकडायचं त्यालाच सोडायचं. म्हणून "रीड डिर" ने फोल्डरमधली सगळी नावं यादीत घ्या आणि यादीशी अक्षर-न्-अक्षर ताडून बघा. सोबत नावात इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे, डॅश आणि डॉट सोडून काही दिसलं तर बिल्ड थांबव, असं पण टाकलंय. परवा तिने तीन नावं पकडली, त्यातलं एक "मयूर-१४" च्या पुढे स्पेस असलेलं, मला डोळ्याला दिसलंच नसतं. शेठचा फोन तरी आला, पण यावेळी टॉवेलचा भाव चुकलाय म्हणून.